‘इतर’ नावाची चौकट

गेवराईत मृगाचा पहिला पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रांसमोर गर्दी होते. कपाशीच्या बियाण्याची पाकिटे, खताच्या गोण्या, औषधांचे डबे काउंटरवर येतात आणि बहुतेक व्यवहार दोन शब्दांत संपतो: ‘मांडून ठेवा.’ दुकानदार वही उघडतो, नाव आणि रक्कम लिहितो, पुढच्या माणसाकडे वळतो. जामीन नाही, अर्ज नाही. दसरा-दिवाळीला कापूस घरात आला की हिशेब.

मी इथे वाणिज्य शाखेत शिकवतो. ग्राहकांचे वर्तन हा विषय शिकवताना अनेक वर्षे मी शीतपेयांची आणि मोटारींची उदाहरणे देत होतो. समोर बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरचा खरीप मात्र ‘मांडून ठेवा’ या दोन शब्दांवर उभा राहत होता. पीएच.डी.साठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा हेच डोळ्यांसमोर आले. उधार घेतलेला माल बहुधा महाग पडतो, हे शेतकऱ्याला माहीत असते. तरी तो त्याच दुकानात का जातो? सोसायटीचे पीक कर्ज मिळाले तरी दुकानातले खाते का बंद करत नाही? व्यवसाय-व्यवस्थापनात याला निर्णयवर्तनाचा अभ्यास म्हणतात. माणसे व्यवहारात प्रत्यक्ष काय करतात आणि का करतात, याचा हा शोध.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीपासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यात संशोधन पद्धतीचा विषय असतो. मीही तो पूर्ण केला. गृहीतक, चल, नमुना, प्रश्नावली, सार्थकता चाचणी या सगळ्याच्या व्याख्या पाठ झाल्या. पद्धत आपल्याला आली, असे मला वाटले. ती आली नव्हती हे कळायला एक वर्ष आणि भरलेल्या फॉर्मांचे एक गाठोडे खर्ची पडले. त्या वर्षाची ही हकिकत आहे. वर्तनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या कोणालाही तिचा उपयोग व्हावा.

सहमत, सहमत, सहमत

अशा अभ्यासात पहिली अडचण मोजमापाची असते. विश्वास, निष्ठा, समाधान या गोष्टी किलोत मोजता येत नाहीत. त्यासाठी १९३२ साली रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक सोपी युक्ती मांडली. माणसासमोर विधान ठेवायचे आणि त्याची पसंती पाच पायऱ्यांत नोंदवायची: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. प्रत्येक पायरीला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आज हॉटेलच्या अभिप्रायपत्रापासून पीएच.डी.पर्यंत सगळीकडे हीच पट्टी वापरली जाते. लिकर्टने ती अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर वापरली होती. मी ती कपाशीच्या बांधावर नेली.

विधाने मी एका परदेशी प्रश्नावलीवरून घेतली आणि स्वतःच मराठीत आणली. ‘माझ्या विक्रेत्याशी मी निष्ठावान आहे’ हे त्यातले एक. एका गावात पारावर बसलेल्या आबांना ते वाचून दाखवले, तर ते हसले. म्हणाले, ‘‘निष्ठा देवाशी असती, सर. दुकानाशी व्यवहार असतो.’’ मी तरीही पाचपैकी एक पर्याय मागितला. त्यावर आबा म्हणाले, ‘‘तुमाला जे बरं वाटंल ते लिव्हा.’’ मी ‘सहमत’वर खूण केली.

या एका खुणेत दोन चुका होत्या. पहिली भाषांतराची. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० साली उलट-भाषांतराची पद्धत सविस्तर मांडली. मूळ प्रश्नावली एकाने मराठीत आणायची आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती पुन्हा इंग्रजीत न्यायची. दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवले की कुठे अर्थ निसटला ते दिसते. मी हे केले असते तर ‘निष्ठा’ परत जाताना भक्ती होऊन गेली असती आणि मला वेळीच कळले असते.

दुसरी चूक अधिक खोल होती. आपल्याकडे घरी आलेल्या शिक्षकाला ‘असहमत’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. ‘तटस्थ’चा अर्थ तर मला दर वेळी समजावून सांगावा लागे आणि समजल्यावर कोणी तो निवडत नसे. विधान काहीही असो, होकार देण्याच्या या प्रवृत्तीला शास्त्रात होकाराचा कल म्हणतात. त्यावर उपायही जुना आहे. काही विधाने उलटी लिहायची. ‘उधारीचा माल महाग पडतो’ आणि ‘उधारीचा माल रोखीइतक्याच भावात मिळतो’ या दोन्हींना एकच माणूस सहमत झाला, तर तो विधानाला उत्तर देत नसून तुम्हाला मान देतो आहे. माझी सगळी विधाने एकाच दिशेची होती.

काटा आणि वजन

फॉर्म संगणकात भरले आणि क्रॉनबॅकचा अल्फा काढला. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला हा गुणांक प्रश्नावलीतली विधाने एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. साधारणपणे ०.७० च्या वर असला की प्रश्नावली विश्वसनीय मानतात. माझा आकडा त्याच्या बराच वर आला. त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले.

पुढच्याच आठवड्यात ओळखीच्या एका दुकानदाराला मी उत्साहाने सांगितले, की शेतकरी उधारी वेळेवर फेडतात असे माझ्या अभ्यासात दिसते. त्याने गल्ल्याखालच्या वहीवर हात ठेवला. ‘‘सर, ही वही मी तुम्हाला दाखवणार नाही. पण तुमचा कागद आणि माझी वही जुळत नाही, एवढं सांगतो.’’

वही न दाखवण्यात त्याचे बरोबरच होते. तिच्यात इतरांच्या घरची लाज लिहिलेली असते. पण त्याच्या त्या वाक्याने माझा अल्फा कोसळला. तो कसा, हे सांगायला कापूस खरेदीचा काटा पुरेसा आहे. एखादा काटा दर वेळी क्विंटलमागे दोन किलो कमी दाखवत असेल, तर तो अत्यंत सातत्याने वागतो. दहादा वजन करा, दहादा तोच आकडा येईल. संशोधनाच्या भाषेत तो विश्वसनीय आहे. पण तो खरे वजन दाखवत नाही, म्हणजे त्याच्यात सप्रमाणता नाही. काटा मारणे म्हणजे काय हे आमच्या भागात पोरांनाही ठाऊक असते. मीही सातत्याने काटा मारत होतो. सगळ्यांनी सगळ्याला होकार दिला, म्हणून विधाने एकमेकांशी छान जुळली. अल्फाने मोजला तो होकाराचा कल आणि मी त्याला विश्वास असे नाव दिले.

सांगणे आणि करणे यांतले हे अंतर फार पूर्वी मोजले गेले आहे. रिचर्ड लापियर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३०च्या सुमारास एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकाभर फिरले. चिनी लोकांविषयी तिथे तेव्हा उघड तिरस्कार होता. तरी २५१ हॉटेले आणि खानावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी लापियर यांनी त्याच ठिकाणी पत्राने विचारले, ‘तुम्ही चिनी पाहुण्यांना प्रवेश देता का?’ उत्तर आलेल्या १२८ जणांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ लिहिले. १९३४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. कागदावरची वृत्ती आणि दारातले वर्तन या वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्तनाच्या अभ्यासकाने तेव्हापासून लक्षात ठेवायला हवे होते. मी ते परीक्षेपुरते लक्षात ठेवले होते.

घेणाऱ्याला विचारा, देणाऱ्यालाही

मग मी मागे वळून आपल्याकडच्या लोकांनी काय केले ते वाचू लागलो. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीवरचे त्यांचे पुस्तक १९१७ साली निघाले. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिथे पाहणीची शिस्त रुजवली. पुढे रिझर्व्ह बँकेने १९५१-५२मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या समितीत गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे असा तिचा पसारा होता. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के आणि शेतकरी व धंदेवाईक सावकार मिळून सुमारे ७० टक्के, हे तिने दाखवले. देशाचे सहकार धोरण त्या आकड्यांनी बदलले.

मला त्या पाहणीत सर्वांत मोलाचे वाटले ते तिचे दोन हात. एका हाताने तिने कर्ज घेणाऱ्या कुटुंबांना विचारले. दुसऱ्या हाताने देणाऱ्यांना, म्हणजे सावकार, व्यापारी, सोसायट्या आणि बँका यांनाही विचारले. एकाच व्यवहाराच्या दोन बाजू तपासल्या. माझ्या पाहणीला एकच हात होता आणि तोही फॉर्म पुढे करणारा.

दुसऱ्या फेरीत मी दुकानदारांकडे गेलो तो वही न मागता. नावे झाकून त्यांनी स्वतःच मला फक्त तीन गोष्टी सांगायच्या: खाते कोणत्या महिन्यात उघडले, कोणत्या महिन्यात मिटले, मधे नवा माल दिला का. कोणत्या दुकानाची माहिती कोणती, हे मी माझ्याही वहीत सांकेतिक क्रमांकाने लिहिले आणि क्रमांकांची किल्ली वेगळ्या कुलपात ठेवली. संशोधनातली नीतिमत्ता हा पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचा विषय असतो. इथे ती पहिली पायरी ठरली. तिच्याशिवाय माहितीच मिळाली नसती.

कुलूपबंद घरे

पहिल्या फेरीतली सर्वांत मोठी चूक मात्र प्रश्नावलीत नव्हतीच. मी गावांत गेलो तो जानेवारीत, कारण तेव्हा मला सवड होती. कोरडवाहू भागातल्या एका वस्तीवर ओळीने दारांना कुलपे होती. एका ओट्यावर म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. ‘‘घरात कोन न्हाई, बाबा. पोरगं-सून कारखान्यावर गेलेत,’’ ती म्हणाली. मी शेजारच्या गल्लीत जाऊन उघडी घरे शोधली आणि संख्या पूर्ण केली.

बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ही कुटुंबे गावात नसतात. त्यांच्यापैकी अनेकांकडे थोडी कोरडवाहू जमीन असते, त्यात कापूस असतो आणि दुकानात खातेही असते. जानेवारीत भेटलेली माणसे कोण होती? ज्यांना गाव सोडावे लागत नाही ती. उधारीचा अभ्यास मी तिची सर्वाधिक गरज असलेल्यांना वगळून केला होता.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. नमुना-निवडीचे सगळे तत्त्व या म्हणीत आहे आणि तिची अटही. भाताच्या पातेल्यात सगळ्या शितांना सारखी आच मिळालेली असते. गावाला ती तशी मिळत नाही. गोदाकाठची, जायकवाडीच्या उजव्या कालव्याखालची जमीन वेगळी आणि माळावरची वेगळी. म्हणून आधी गावांचे स्तर पाडायचे, मग प्रत्येक स्तरातल्या गावाची मतदार यादी घेऊन ठरावीक अंतराने नावे उचलायची. ज्याचे नाव आले तो भेटेपर्यंत पुन्हा पुन्हा जायचे, शेजाऱ्यावर भागवायचे नाही. यादी पूर्ण करणे आणि पाहणी पूर्ण करणे यांत फरक आहे, हे मला ओट्यावरच्या त्या म्हातारीमुळे कळले.

इथे एक कबुली द्यायला हवी. पहिले गाठोडे टाकून द्यावे की नाही, यावर मी महिनाभर झोपलो नाही. आकडे सुंदर होते. पदोन्नती अडली होती. ‘असंच असतं सगळ्यांचं, करून टाका सादर,’ असे सांगणारे हितचिंतकही भेटले. शेवटी मी मार्गदर्शकांसमोर सगळे मांडले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘मुदतवाढीचा अर्ज लिहा.’’

नाण्याची साक्ष

दुसऱ्या फेरीत एक प्रश्न राहतच होता: खासगी सावकाराकडून पैसे घेतले का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. असा प्रश्न विचारला की चेहरे बंद होतात. सांगणाऱ्याला भीती कायद्यापेक्षा सावकाराची असते, कारण पुढच्या अडचणीत त्याचेच दार असते.

स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली अशा प्रश्नांसाठी एक पद्धत सुचवली. तिचे सोपे रूप असे. उत्तर देणाऱ्याने माझ्याकडे पाठ करून नाणे उडवायचे. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचे. काटा आला तर खरे उत्तर द्यायचे. छापा आला की काटा, हे मला कधीच कळत नाही. त्यामुळे कोणाही एकाचा ‘हो’ त्याच्यावर शेकत नाही. पण सगळ्यांचे मिळून उत्तर काढता येते. समजा, २०० जणांना विचारले आणि १३० जणांनी ‘हो’ म्हटले. त्यातले सुमारे १०० ‘हो’ नाण्याचे. उरलेले ३० हे काटा आलेल्या १०० जणांचे खरे ‘हो’, म्हणजे अंदाजे ३० टक्के. अशा उत्तरात चुकीची शक्यता जास्त असते, म्हणून माणसे अधिक लागतात.

नाणे काढल्यावर आधी हशा झाला. ‘‘सर, जुगार खेळायला आलात का?’’ पण युक्ती समजल्यावर एक मावशी म्हणाल्या, ‘‘म्हंजे आमी खरं बोललो तरी तुमाला कळणार न्हाई?’’ ‘‘नाही कळणार, मावशी.’’ त्यांनी नाणे घेतले. संशोधकाला न कळण्याची सोय केली की माणूस खरे सांगतो, हे मला त्या दिवशी पटले.

‘का’ विचारताना

आता ‘का’. उधारी घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली की वाटते, उधारीमुळे माणूस गरीब राहतो. पण गरीब असल्यामुळे तो उधारी घेत असेल तर? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली, असे होत नाही. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आला. सेंदिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी श्रीमंताची गरिबाशी तुलना न करता एकाच शेतकऱ्याची त्याच्या स्वतःशी तुलना केली. ऊस जाण्यापूर्वी, हातात पैसा नसताना एकदा आणि पैसे आल्यावर पुन्हा. बुद्धीचे तेच कोडे तोच माणूस टंचाईच्या दिवसांत कमी चांगले सोडवत होता. त्या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. पण त्याची मांडणी मी उचलली. एकाच कुटुंबाकडे दोनदा जायचे: एकदा जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर आणि एकदा मेमध्ये, कापूस विकून, पट्टा पडून सगळे घरी आल्यावर.

मेमध्ये ओट्यावरच्या त्या म्हातारीचा मुलगा भेटला. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: ‘मागील हंगामाची उधारी कशातून फेडली?’ पर्याय तीन: पीक विक्री, पगार किंवा व्यवसाय, इतर. तो म्हणाला, ‘‘मुकादमाच्या उचलीतनं.’’ ऊसतोडीला जाण्याआधी मुकादम जोडप्याला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. पाच-सहा महिने राबून ती फेडायची असते. त्या उचलीतून त्याने दुकानाचे खाते मिटवले होते. दुकानदाराच्या वहीत ते ‘वेळेवर फेड’ म्हणून नोंदले गेले होते. खरे तर एक कर्ज दुसऱ्या कर्जाने मिटले होते आणि दुसरे त्या दोघांच्या अंगमेहनतीवर लिहिले गेले होते.

माझ्या फॉर्मवर मी यासाठी ‘इतर’वर खूण करणार होतो. परत येऊन जुने गाठोडे सोडले. ‘इतर’वरच्या खुणा तिथेही होत्या. पुढे काय ते लिहायला मी जागा ठेवली नव्हती.

तिसऱ्या फेरीत तो प्रश्न उघडा ठेवला. उत्तर त्यांच्या शब्दांत लिहायचे आणि वर्गवारी नंतर करायची. त्यातून हळूहळू जे दिसले ते असे: उधारीच्या दुकानाकडे ही कुटुंबे भावाच्या हिशेबाने जात नव्हती. पुढच्या मृगाला दार उघडे राहावे, यासाठी ती मोल देत होती. महाग माल हा त्यांच्या लेखी त्या भरवशाचा हप्ता होता. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला अविवेकी निर्णय म्हणता येईल. पण ज्याच्याकडे दुसरे दार नाही, त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर तो हिशेब पक्का आहे.

प्रबंध उशिरा सादर झाला. त्यात मी तीनच गावगटांपुरते बोललो आणि कारणांविषयी ‘असे दिसते’च्या पुढे गेलो नाही. पहिला अल्फा त्याच्या परिशिष्टात आहे, तो का टाकून दिला या खुलाशासह.

आता माझ्याकडे नवे संशोधक प्रश्नावली तपासायला आणतात. मी आधी दोन गोष्टी विचारतो. हा फॉर्म घेऊन तू कोणत्या महिन्यात जाणार आहेस? आणि ‘इतर’पुढे किती जागा ठेवली आहेस? यंदाही दिवाळीच्या तोंडावर गेवराईच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर निघतील. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, पोरे, कोयते. फेब्रुवारीत पाहणी करायला निघालेल्या एका मुलीला मी मेपर्यंत थांबायला सांगितले आहे. ती थोडी नाराज आहे.